मलिदा कोणी खाल्ला?

मराठी वर्तमानपत्रात मलिदा बहुतेकदा कंत्राटदाराच्या ताटात सापडतो. रस्ता उखडला की मलिदा कोणी लाटला, ही चौकशी आलीच. दुसरा मलिदा आमच्या बाभुळगावकडच्या लोकांनाही ठाऊक आहे: चपात्या कुस्करून तूप-गूळ घालून केलेला, दर्ग्यावरचा. तिसरा मात्र इकडे फारसा कोणी ऐकलेला नाही. तो कोकणातल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा.

आधी ताट बघू. भिजवून निथळलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते एकत्र कालवून मधोमध ढीग. भोवती खजूर, सफरचंद, केळी, मिळतील ती फळं. सोबत गुलाब किंवा सब्जाची डहाळी. लग्न असो, नवं घर असो, कोणी मोठ्या आजारातून उठलेलं असो, किंवा लांबच्या प्रवासाहून सुखरूप परतलेलं असो, हे ताट मांडलं जातं. पुरुष डोकं झाकून बसतात, हिब्रूत एलियाहू हन्नबीचं गाणं म्हणतात, मग ताटातला एकेक जिन्नस वाटला जातो.

पाहणारा लगेच म्हणतो, हा तर सत्यनारायणाचा प्रसाद! नाहीतर म्हणतो, दर्ग्यावरून उचललाय. नाव फारसी आहे, पोहे-खोबरं अस्सल कोकणी आहे, इतपत ते खरं. पण हा नैवेद्य नव्हे. समोर मूर्ती नाही, देवाने आधी चाखायचं आणि उरलेलं आपण घ्यायचं, अशी कल्पनाही नाही. एलियाहू हा देव नसून संदेष्टा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि नवस फेडायला लोक तिथे जातात, पण आभार मानायचे ते देवाचेच.

फळं इतक्या प्रकारची का, याचं उत्तर ज्यू धर्मशास्त्रात आहे. काहीही तोंडात घालण्याआधी 'ब्राखा' ही छोटी प्रार्थना म्हणायची, आणि खाण्याच्या प्रकारानुसार ती बदलते. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी, सुगंध घेण्याची आणखी वेगळी. मलिद्याच्या एका ताटावर या सगळ्या म्हणता येतात. थोडक्यात, भांडं कोकणचं आणि हिशेब धर्मशास्त्राचा.

हिशेबही बारीक. केळं कुठलं धरायचं? आपण म्हणू, झाडाचं फळ. धर्मशास्त्र म्हणतं, जमिनीचं. कारण झाड तेच, जे फळ दिल्यावरही उभं राहून पुढच्या वर्षी पुन्हा फळतं. केळीचा घड उतरवला की तो बुंधा संपला, पुढचा घड पिलाला. केळीवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

भाकरीची गोष्ट आमच्या अधिक जवळची. ज्यू प्रत्येक भाकरीवर एकच ठरलेली ब्राखा म्हणतात, असा समज असतो. ती मानाची ब्राखा फक्त पाच धान्यांच्या भाकरीला आहे: गहू, जव आणि त्यांच्याच गोतातली आणखी तीन. त्यात ज्वारी नाही. म्हणजे गव्हाच्या पोळीने जेवण सुरू झालं तर ती ब्राखा आणि जेवणानंतर आभाराची लांब प्रार्थना. आमच्या ज्वारीच्या भाकरीला मात्र तो मान नाही. वऱ्हाडी माणसाला हे थोडं लागणारच.

ब्राखेचं भाषांतर 'आशीर्वाद' करतात, आणि तिथेच घोळ होतो. वाटतं, अन्नाला आशीर्वाद देऊन ते पवित्र केलं. होतं उलट. धन्य म्हटलं जातं ते देवाला, अन्नाला नव्हे. सगळं त्याच्या मालकीचं, तेव्हा न सांगता घेणं म्हणजे देवाच्या मालाची चोरी, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. मालकाला विचारून घ्यायचं, इतकाच अर्थ. दिवसाला अशा शंभर ब्राखा व्हाव्यात, हेही तालमूदातलंच. त्या सणावारी राखून ठेवलेल्या नाहीत. वीज चमकली, इंद्रधनुष्य दिसलं, मोसमातलं पहिलं फळ खाल्लं, नवे कपडे घातले, प्रत्येकाची ब्राखा आहे. शौचाहून आल्यावर हात धुऊनही एक म्हणायची: शरीरातल्या वाटा जिथे उघड्या हव्यात तिथे उघड्या, जिथे बंद हव्यात तिथे बंद ठेवल्याबद्दल. ज्याने मूतखडा भोगलाय तो याला हसणार नाही.

दारूशिवाय यांचा समारंभ होत नाही, हाही समज. द्राक्षरस हवा हे खरं, पण बेने इस्रायल घरांत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात आणि त्यावरच ब्राखा म्हणतात. द्राक्षाचंच ते, चालतं.

वाढदिवसाचा मात्र धर्मशास्त्रात काही विधी नाही. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, वाढदिवसाची मेजवानी येते ती इजिप्तच्या फारोची. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मिट्झवाचा सोहळा न झाल्यास तो 'पुरा ज्यू' होत नाही, हेही चूक. तेरावं पूर्ण होताच धर्माची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते, हॉल घ्या किंवा न घ्या.

आणि हे लोक इंग्रजांबरोबर आले, हा समज तर आडनावांपाशीच अडतो. पेणकर, रोहेकर, नागावकर, दिवेकर. समुद्रात गलबत फुटलं आणि वाचलेले नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची स्वतःची कथा आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

आता पुन्हा आभाराकडे. संकटातून सुटलेल्या चौघांनी देवाचे आभार मानलेच पाहिजेत, असा नियम आहे: समुद्र ओलांडलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. इंग्रजांच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यातले चौथे. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्यांनी केला, अशी परंपरा आहे. 1796 साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. बेने इस्रायल त्याला 'मशीद' म्हणत. शेजारच्या लोकल स्टेशनाचं मस्जिद हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.