दमाकडून घड्याळाकडे : कबड्डीच्या नियमांचा प्रवास

महाराष्ट्रात हुतूतू या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या गेलेल्या कबड्डीत वेळ मोजण्याचे मूळ साधन खेळाडूचा श्वास हेच होते. चढाई करणाऱ्याने एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात जावे, गडी बाद करावे आणि दम तुटण्यापूर्वी मध्यरेषा गाठावी, एवढ्या नियमावर सारा खेळ उभा होता. त्यामुळे सक्करदऱ्यासारख्या नागपुरी वस्तीतही मोकळी जागा आणि आखलेल्या रेषा यांपलीकडे या खेळाला काही लागत नसे. पुढे झालेले बहुतेक महत्त्वाचे बदल मात्र एकाच अडचणीतून निघाले: आघाडीवर असलेल्या संघाला वेळकाढूपणा करण्यापासून रोखायचे कसे?

पूर्वी खेळाचे तीन प्रकार रूढ होते. बाद झालेला गडी आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद करताच पुन्हा मैदानात येतो ती संजीवनी, संपूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागते ती गामिनी, आणि गडी बाहेर न जाता केवळ गुण मोजले जातात ती अमर. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये भरवलेल्या स्पर्धेसारख्या उपक्रमांतून नियमांत एकवाक्यता येऊ लागली आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी प्रेक्षकांसमोर मांडला. राष्ट्रीय स्पर्धांसाठी शेवटी संजीवनी स्वीकारली गेली, आणि ते योग्यच झाले, कारण गामिनीत चांगला खेळाडू बराच काळ नुसता प्रेक्षक होऊन बसतो.

मैदानावरील रेषांमागेही वेळकाढूपणा रोखण्याचाच विचार दिसतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असलेली निदानरेषा पुरुष चढाईपटूने किमान एकदा ओलांडलीच पाहिजे, म्हणजे उंबरठ्यावर उभे राहून परतण्याची सोय उरत नाही. तिच्या एक मीटर पलीकडची बोनस रेषा, समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना, आत शिरण्याचे धाडस करणाऱ्याला एक गुण देते.

2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने या जुन्या प्रश्नावर दूरचित्रवाणीला मानवेल असे उत्तर शोधले. चढाई 30 सेकंदांत संपवावी, सलग दोन चढाया निष्फळ ठरल्या तर तिसरीत गुण मिळवावाच, अन्यथा चढाईपटू बाद व्हावा, आणि तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केल्यास त्यांना जादा गुण मिळावा, असे हे नियम होते. अमेरिकेतील बेसबॉललाही 2023 मध्ये चेंडूफेक करणाऱ्यासमोर 15 आणि 20 सेकंदांचे घड्याळ लावावे लागले, यावरून हे दुखणे केवळ कबड्डीचे नाही हे दिसते. तरीही दमाचे महत्त्व कमी झाले ही हानी नोंदवावीच लागेल. आज कबड्डीचा उच्चार आवश्यक असला तरी चढाई बहुधा श्वास संपला म्हणून नव्हे, तर घड्याळ संपत आले म्हणून थांबते.

दोन नियमावल्या एकाच वेळी चालू राहिल्या की काय होते, हे 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसले. भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे झटापट सुरू झाल्यावरच खुल्या होणाऱ्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याला अडवण्यासाठी इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तेथे उतरले. जुन्या नियमानुसार असे सर्वच खेळाडू बाद ठरतात, तर नव्या नियमानुसार चढाईपटू बाद होताच चढाई तेथेच संपते आणि बचावपटूंना दंड होत नाही. कोणता नियम लागू आहे यावर पंचांचे निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघ मैदानावर ठाण मांडून बसले आणि खेळ सुमारे तासभर खोळंबला; अखेर भारताने हा सामना 33-29 असा जिंकला.