गाडी विकत मिळते, बसलेला हात नाही

हल्ली नातवंडांच्या फोनवर एका प्रकारच्या चित्रफिती फार दिसतात. लाल नाहीतर पिवळी, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार सिग्नलवरून जोरात सुटते, तिची मागची चाकं घसरतात, गाडी गिरकी घेते आणि दिव्याच्या खांबावर जाऊन आदळते. मुलं खो-खो हसतात. “सावता, बघ ना, एवढी महाग गाडी आणि एका मिनिटात भंगार!” आम्ही हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या नर्सा. आम्हाला मात्र वाटतं, त्या खांबाच्या जागी कोणी उभं असतं तर? म्हणून वाचकहो, आज थोडं ह्या गाड्यांविषयी बोलू या.

पुष्कळांची समजूत अशी की महाग गाडी म्हणजे सुरक्षित गाडी. तसं नाही. मुंबईतली आपली जुनी फियाट टॅक्सी आठवा. तिच्या इंजिनाची ताकद होती सुमारे ४० हॉर्सपॉवर. मॅक्लारेन एफ-१ ह्या गाडीची ताकद आहे ६२७ हॉर्सपॉवर, म्हणजे पंधरा फियाटींपेक्षा जास्त! आणि एवढी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर जाते. पाय जरा जास्त दाबला, त्यात रस्ता ओला किंवा टायर थंड असला, की चाकं रस्त्याची पकड सोडतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो.

घाबरलेला नवखा माणूस अशा वेळी काय करतो? वळणावरच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढतो. साध्या गाडीत बहुधा ते निभावतं. पण मागे इंजिन असलेल्या गाडीत त्यानेच घात होतो. १९७५ साली आलेल्या पोर्शे ९११ टर्बोला लोकांनी ‘बायकांना विधवा करणारी’ असं नाव ठेवलं ते ह्याचमुळे. हल्लीच्या गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, पण पुष्कळ स्पोर्ट्स गाड्यांत ती एक बटण दाबून बंदही करता येते. आणि मित्रांसमोर शान मारायची तर तेच बटण आधी दाबलं जातं!

मुलांनो, तुमचा लाडका मिस्टर बीन माहीत आहे ना? त्याचं काम करणारे रोवन अ‍ॅटकिन्सन खऱ्या आयुष्यात गाड्यांचे जाणकार आहेत, हौसेने शर्यतीतही उतरतात. त्यांच्याकडे हीच मॅक्लारेन होती. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडात ती घसरून झाडावर आदळली. त्यांच्या खांद्याला दुखापत झाली, पण जीव वाचला. दुरुस्तीचा खर्च आला ९ लाख पौंडांच्या वर! जाणत्या माणसाची ही गत, तर काल लायसन्स मिळालेल्या पोराचं काय?

त्याच वर्षी डिसेंबरात जपानात शिमोनोसेकीजवळ हौशी लोकांचा ताफा निघाला होता. एकाने लेन बदलताना ताबा गमावला आणि एकामागून एक गाड्या ठोकल्या गेल्या. त्यांत ८ फेरारी होत्या. सुरुवात ज्याच्यापासून झाली तो चालक ६० वर्षांचा होता. तेव्हा तरुणांनाच नावं ठेवायला नको. तिथे नशिबाने किरकोळ दुखापतींवर निभावलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सिनेनट पॉल वॉकर बसला होता त्या पोर्शे कॅरेरा जीटीत मात्र दोघेही गेले. चालवणारा त्याचा मित्र शर्यतीतला अनुभवी होता. चौकशीत निघालं की ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर वेग ८० मैलांच्या पुढे होता आणि टायर नऊ वर्षांचे जुने.

आता आपल्या पुण्याकडे वळू. आपल्यापैकी कितीतरी जण लाल देवळाच्या आणि रास्ता पेठेच्या आसपास वाढले, म्हणून ही बातमी आम्हाला जास्त लागली. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरात पोर्शे टायकान गाडीने एका मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवरचे दोघे, एक तरुण आणि एक तरुणी, जागीच गेले. दोघेही २४ वर्षांचे इंजिनियर, मूळचे मध्य प्रदेशचे. गाडी चालवणारा, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, १७ वर्षांचा मुलगा होता आणि दारू प्यायला होता. भारतात मोटार चालवायला १८ वर्षं पुरी लागतात. कोट्यवधींच्या त्या गाडीला नंबर प्लेटसुद्धा नव्हती, कारण नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते.

मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि बाल न्याय मंडळाने त्याला अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्यावर सगळीकडे केवढा गदारोळ झाला! पुढे जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ धरून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने नामंजूर केली.

पण आम्हा नर्सांना सगळ्यांत जास्त टोचलं ते दुसरंच. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्याच्या आईचं रक्त ठेवलं, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि तो आरोप आहे ससून हॉस्पिटलात घडल्याचा. डेव्हिड ससून ह्या यहुदी दानशूराच्या देणगीतून उभं राहिलेलं हे हॉस्पिटल, आपल्या लोकांना त्याचा केवढा अभिमान! खरं-खोटं कोर्ट ठरवील. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या मुलीला शिकवतात की रक्त काढलं की पेशंटच्या खाटेशीच बाटलीवर नाव आणि वेळ लिही, मग पाऊल उचल. त्या चिठ्ठीवर कोणाचा न्याय अवलंबून असतो हे त्या वेळी कळत नाही. पोराने चूक केली तर ती झाकायला मोठी माणसं पैसा घेऊन धावली, की पोर काय शिकणार?

मोटरसायकलवाल्याच्या अंगाभोवती काय असतं हो? आतल्याला पट्टा असतो, हवेची उशी असते. बाहेरच्याला फक्त कातडी आणि हाडं. वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. समोरचं माणूस दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एवढं अंतर सरलेलं असतं, गाडी दोन कोटींची असो की दोन हजारांची.

इथे इस्राएलमध्ये सरकारने ह्यावर बरा उपाय केला आहे. परीक्षेआधी किमान २८ धडे घ्यावे लागतात. तरुणाला रिशयोन मिळाल्यावर पहिले ३ महिने शेजारी ‘मेलावे’, म्हणजे अनुभवी सोबती, बसलाच पाहिजे. पुढचे ३ महिने रात्रीच्या वेळी. दोन वर्षं मागच्या काचेवर ‘नहाग हदाश’ची पाटी लावायची. त्या काळात २१ वर्षांखालच्या पोराने सोबत्याशिवाय दोनपेक्षा जास्त माणसं गाडीत घ्यायची नाहीत. मित्र वाढले की पाय जड होतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे!

भारतातही २०१९ पासून कायदा कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कायदा आहे, पण किल्ली शेवटी घरातल्याच हातातून जाते.

म्हणून साबा-सावतांना आमचं सांगणं. नातवाला गाडीसाठी पैसे द्यायचे तर लहान, साधी, चांगल्या ब्रेकची गाडी घेऊन द्या. वाढदिवसाला एका दिवसासाठी भाड्याची स्पोर्ट्स कार हवी म्हणून तो हट्ट धरील. सरळ नाही म्हणा, दोन दिवस रुसेल आणि विसरेल. मेलावे व्हायला चालक किमान २४ वर्षांचा आणि त्याचं लायसन्स ५ वर्षांचं असावं लागतं. डोळे आणि कान शाबूत असलेल्या आजोबांनाही हे काम करता येतं. गप्प बसून नका राहू. “बाळा, जरा हळू” म्हणा. तो वैतागेल, वैतागू द्या.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक काम. ड्रायव्हर दादा असो, मामा असो की मित्र, वेग वाढला की मागून मोठ्याने सांगा, “मला भीती वाटते, हळू चालव.” तरी ऐकलं नाही, तर थांबवायला सांगा, उतरा आणि घरी फोन करा. कोणी भित्रा म्हणालं तर म्हणू दे. घ्यायला कोणीतरी येईलच, रात्रीचे दोन वाजले असले तरी.