वाडा गवताखालीच राहू द्या

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या खडूच्या टेकड्यांत वॉरम पर्सी हे उजाड गाव आहे. छप्पर गेलेले चर्च तेवढे उभे. बाकी गवत आणि त्याखालचे उंचवटे. १५०० च्या सुमारास जमीनदाराने मेंढ्या चारण्यासाठी शेवटची कुटुंबे हुसकावली. त्या चराईमुळेच गावठाणाचे कुरण झाले आणि जोत्यांच्या खुणा नांगरापासून वाचल्या.

१९५० मध्ये इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी इथे खोदायला सुरुवात केली. पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि १९९० पर्यंत उन्हाळ्यांमागून उन्हाळे काम चालले. एका ठिकाणी शेतकऱ्यांच्या घरांखाली चक्क बाराव्या शतकातल्या जहागीरदाराच्या वाड्याचे तळघर लागले. वाडा गेल्यावर त्याच जागेवर कुळे राहायला आली होती.

गावाच्या उत्तरेला दुसरा, मोठा वाडा आहे. तो बहुतांशी न खणलेला आहे, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. न खणताही जमीन बरेच सांगते. माती तापली की तिच्यातल्या लोहखनिजांचे चुंबकत्व वाढते, त्यामुळे जुन्या चुली आणि भट्ट्या चुंबकमापकावर उमटतात. मातीतून सौम्य वीजप्रवाह सोडला, तर दगडी भिंत त्याला अडवते. बुजलेला, ओलसर खंदक त्याला वाट देतो. या नोंदी नकाशावर मांडल्या, की कुदळ न लावता वाड्याची आखणी दिसू लागते.

खोदलेला थर पुन्हा रचता येत नाही, आणि उद्याचे प्रश्न आज ठाऊक नसतात. इथल्या चर्चच्या दफनभूमीतले सांगाडे जपून ठेवले होते, म्हणूनच पुढे त्यांच्या हाडांतले नायट्रोजनचे समस्थानिक मोजता आले. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडांत जड नायट्रोजनचे प्रमाण वाढते. त्यावरून मध्ययुगातल्या इथल्या आया सुमारे दीड वर्षापर्यंत मुलांना पाजत होत्या, हे कळले. बेरेसफर्ड यांनी पहिली कुदळ मारली तेव्हा असे काही विचारता येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ब्रिटनच्या १९७९ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार वॉरम पर्सीसारख्या संरक्षित जागी परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे, आणि नुसता मेटल डिटेक्टर फिरवणेही. ही कडक अट योग्यच आहे. नाणे उपसून नेले, की ते भिंतीखालच्या थरात होते की वरच्या, हे कळायचा मार्ग उरत नाही, आणि भिंतीचा काळ ठरवणारा दुवा तुटतो.