जुन्या डिझेल पिकअपचा इंधनपुरवठा : महागडा पंप बदलण्यापूर्वी

बोट, कॅम्पर किंवा जड ट्रेलर ओढण्यासाठी जुनी डिझेल पिकअप घेण्याचा विचार अमेरिकेत कोणी बोलून दाखवला, की डॉज रॅम २५०० किंवा ३५०० आणि तिच्यातील ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन यांचे नाव हमखास निघते. वीस-पंचवीस वर्षे उलटल्यावरही या गाड्यांना गिऱ्हाईक आहे, कारण मूळ इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतो तो इंधनपुरवठा. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या, २४ व्हॉल्व्हच्या इंजिनात तर हा दोष इतका नेहमीचा आहे, की त्याचा ठरलेला क्रमच सांगता येतो. गाडी ओढ घेईनाशी होते, गॅरेज इंजेक्शन पंप गेल्याचे सांगते, सुट्या भागाचेच हजार डॉलरहून अधिक बिल होते आणि काही महिन्यांत नवा पंपही तीच लक्षणे दाखवू लागतो. पहिला पंप ज्या कारणाने गेला, ते कारण गाडीत तसेच राहिलेले असते.

कमिन्स हे नाव मराठी वाचकाला परके नाही. किर्लोस्कर कमिन्सचा पुण्यातील कारखाना १९६२ पासूनचा, आणि ज्या ‘बी’ मालिकेतील इंजिन रॅममध्ये आहे, त्याच मालिकेची इंजिने टाटांच्या मालमोटारींसाठी जमशेदपूरला तयार होत आली. तिकडच्या मालमोटार चालकांना रस्त्याकडेला हातपंप मारून इंधनमार्गातील हवा काढण्याची विद्या अवगत होती. रॅमच्याही १२ व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनात, म्हणजे १९९४ ते १९९८ च्या गाड्यांत, तशाच जातकुळीचा पी ७१०० हा बॉशचा यांत्रिक पंप होता. त्याचे वंगण इंजिनाच्या ऑइलमधून होत असे. त्यामुळे इंधनाचा दाब कमी पडला तर गाडीची ताकद घटे, पण पंप सहसा वाचे.

२४ व्हॉल्व्हच्या इंजिनात मात्र बॉशचाच व्हीपी ४४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा फिरता पंप आला आणि सारे गणित बदलले. या पंपाला इंजिनाचे ऑइल मिळत नाही. त्याच्या आतील भागांचे वंगण आणि वरच्या बाजूला बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचे शीतन ही दोन्ही कामे त्यातून वाहणारे डिझेलच करते. म्हणूनच पंपाला जळणासाठी लागते त्याहून कितीतरी अधिक डिझेल पुरवले जाते आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत जाते. एवढे डिझेल आणून देण्याची जबाबदारी इंजिन ब्लॉकच्या कडेला बसवलेल्या लहानशा विजेच्या लिफ्ट पंपावर सोपवलेली होती. विजेचे इंधनपंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नव्हे. हा पंप टाकीपासून दूर बसून, इंजिनाची धग आणि हादरे सोसत डिझेल ओढत राहतो आणि यथावकाश थकतो.

खरी मेख पुढे आहे. लिफ्ट पंप पूर्ण बंद पडला तरी गाडी चालू राहते, कारण व्हीपी ४४ च्या पोटात स्वतःचा व्हेन पंप असतो आणि तो टाकीतून थोडेफार डिझेल खेचून घेऊ शकतो. मालकाला संशय येत नाही. डॅशबोर्डवर इंधनदाबाचा काटा नसल्याने गाडीही काही सांगत नाही. दरम्यान इंजेक्शन पंप अपुऱ्या वंगणावर आणि तापलेल्या नियंत्रकासह फिरत राहतो. गरम इंजिन पुन्हा सुरू होण्यास नकार देऊ लागते किंवा अॅक्सिलरेटर दाबूनही क्षणभर काहीच घडत नाही, तेव्हा नुकसान बहुधा होऊन गेलेले असते.

त्यामुळे तपासाची सुरुवात दाब मोजण्यापासून व्हावी. दाबमापक इंधन फिल्टरच्या पुढे, इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी जोडायचा. इंजिन आयडलवर असताना दाब निदान १० पीएसआय हवा. पण एवढ्यावर समाधान मानणे ही सर्वांत मोठी फसगत. उभ्या गाडीत १२ दाखवणारा काटा चढावर ट्रेलर ओढताना शून्याला टेकलेला आढळतो. मापक लांब नळीने काचेपाशी आणून गाडी भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अनुभवी मेकॅनिक पूर्ण भारावरही काटा १० च्या खाली जाऊ देत नाहीत. नंतर तोच मापक फिल्टरच्या अलीकडे जोडावा. दोन्ही ठिकाणच्या दाबांत ५ पीएसआयहून अधिक फरक असेल, तर पंपाला दोष देण्याआधी फिल्टर बदलावा. दोन्हीकडे दाब कमीच असेल, तर दोष लिफ्ट पंपात किंवा त्याच्याही मागे आहे.

त्या मागच्या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतचा मार्ग ओढीखाली असतो. तेथे नळीला बारीक चीर पडली तर डिझेल खाली ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणून गळती नाही, असे मानणारे येथेच चुकतात. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात, तो हाच प्रकार. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होत असेल, तर एक बिनखर्ची चाचणी करता येते. एका रात्री गाडी उतारावर नाक खाली करून आणि दुसऱ्या रात्री नाक वर करून ठेवावी. नाक खाली असताना ती चटकन सुरू झाली आणि वर असताना रखडली, तर डिझेल रात्रीतून टाकीकडे परतत आहे. त्यानंतर इंधनमार्गात पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे पाहावेत. रबरी नळ्यांचे जोड आणि बँजो बोल्टांचे वॉशर हे पहिले संशयित. टाकी पाव भागाखाली गेली की गाडी गचके देत असेल, तर टाकीतील ओढनळी किंवा तिची जाळी तपासावी.

संगणकातील संकेतांकांचा उपयोग आहे, पण मर्यादित. पी ०२१६ हा संकेतांक इंजेक्शनची वेळ नियंत्रित होत नसल्याचे दर्शवतो आणि त्याचा अर्थ बहुधा पंपाची झीज असाच निघतो. मात्र ती झीज कशामुळे झाली, हे संगणक सांगत नाही. अॅक्सिलरेटर निष्प्रभ होण्यामागे पेडलचा सेन्सरही असू शकतो. तो सुस्थितीत आहे याची खात्री न करता पंप उतरवणे म्हणजे अंधारात खर्च करणे.

इंधनही आता बदललेले आहे. या गाड्या बनल्या तेव्हा अमेरिकेतील रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५०० पीपीएम होती. २००६ पासून १५ पीपीएमचे डिझेल आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता घटते. ती प्रमाणित पातळीवर आणण्यासाठी पूरक द्रव्ये मिसळली जातात, आणि दोन टक्के बायोडिझेलनेही तिच्यात चांगली सुधारणा होते. जुने रबरी सील मात्र या बदलात आकसून गळू लागल्याची उदाहरणे आहेत. मिनेसोटा किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात आणखी एक दोष संभवतो : थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो, आणि लक्षणे हुबेहूब मरणाऱ्या लिफ्ट पंपासारखी दिसतात. गाडी उबदार गॅरेजमध्ये काही तास ठेवल्यावर दाब पूर्ववत झाला, तर दोष पंपाचा नव्हे.

दुरुस्ती करताना लिफ्ट पंप मूळ जागी पुन्हा न बसवता टाकीजवळ चौकटीवर बसवणे शहाणपणाचे, म्हणजे तो ढकलण्याचे काम करील. सोबत कॅबिनमध्ये कायमचा दाबमापक हवाच. त्याचा खर्च नव्या इंजेक्शन पंपाच्या तुलनेत किरकोळ आहे. गाडी विकत घेतानाही प्रथम हाच काटा शोधावा. तो नसेल, तर सौद्याआधी भाराखाली दाब मोजून देण्याची अट घालण्यात संकोच नको.

घरी तपास करणाऱ्यांनी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. लिफ्ट पंपाकडील नळ्यांचा दाब सौम्य असतो, पण इंजेक्शन पंपाकडून इंजेक्टरांकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांतील दाब हजारो पीएसआयचा असतो. इंजिन चालू असताना तेथील गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. त्वचेत घुसलेल्या डिझेलची जखम टाचणी टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते, पण तीत हात गमावण्याचा धोका असतो. अशा वेळी वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा आणि डिझेल दाबाने आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.