गायक बदलतात, ऑर्केस्ट्रा चालू राहतो! माणसं सोडून जाणार हे धरूनच धंदा कसा उभा करायचा?



चिंचोटी फाट्यावरून कामणकडे निघालात की रस्त्याच्या कडेला गाळेच गाळे. गॅरेज, फॅब्रिकेशन, पॅकिंग, वडापावच्या गाड्या. कुठल्याही मालकाला विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती? दहातले आठ जण सांगतील, "पोरगा कामात तयार झाला की सोडून जातो." मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "म्हणून आता कोणाला नीट शिकवायचंच नाही."

थांबा! हे दुसरं वाक्य धंदा मारतं. आज आपण असा धंदा बघणार आहोत, जिथे माणूस जाणार हे पहिल्याच दिवशी माहीत असतं. लहान मुलांचा ऑर्केस्ट्रा. मुलं मोठी होतात, मुलांचा आवाज फुटतो, दहावी येते. तरी असे ऑर्केस्ट्रा वर्षानुवर्षं चालले. कसे?

किराणा दुकानातून सुरू झालेली गोष्ट

कच्छहून मुंबईला आलेल्या विरजी शहा यांचं किराणा दुकान होतं. एका गिऱ्हाइकाची उधारी थकली. पैसे देता येईनात, तेव्हा त्याने बदल्यात शेठच्या मुलांना संगीत शिकवायचं ठरवलं. त्या गुरुजींना स्वतःलाच फारसं संगीत येत नव्हतं असं सांगतात! पण मुलांना गोडी लागली. ती मुलं म्हणजे कल्याणजी आणि आनंदजी. गिरगावच्या मराठी-गुजराती वस्तीत वाढलेली.

त्यांनी आधी 'कल्याणजी विरजी अँड पार्टी' नावाचा ऑर्केस्ट्रा काढला आणि स्टेज शो केले. १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली ती प्रसिद्ध बीन कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या वाद्यावर वाजवली होती. पुढे ही जोडी हिंदी सिनेमातली मोठी संगीतकार जोडी झाली.

पण आपल्या कामाचा भाग पुढे आहे. नंतरच्या काळात कल्याणजींनी लहान मुलांना शिकवून स्टेजवर उभं केलं. त्या ग्रुपचं नाव 'लिटल वंडर्स'. दिल्लीची निधी चौहान नावाची छोटी मुलगी अभिनेत्री तबस्सुम यांच्या नजरेत भरली. त्यांनी तिची ओळख कल्याणजींशी करून दिली. कल्याणजींनी तिचं नाव सुनिधी ठेवलं आणि ती 'लिटल वंडर्स'ची मुख्य गायिका झाली. १९९६ मध्ये तिने दूरदर्शनची 'मेरी आवाज सुनो' स्पर्धा जिंकली आणि मग ती सिनेमात गेली. आपल्या कोकणातल्या दाभोळच्या साधना सरगम यासुद्धा कल्याणजींच्याच तालमीत तयार झाल्या.

आता हिशोब करा. सुनिधी गेली म्हणून तोटा झाला का? उलट आजही तिची गोष्ट सांगताना 'लिटल वंडर्स'चं नाव येतंच. गेलेला माणूस फुकटची जाहिरात करतोय!

तिकडे साल्सावाल्यांनी काय केलं?

साल्सा म्हणजे क्युबा आणि पोर्तो रिकोच्या ठेक्यांवर न्यूयॉर्कमध्ये वाढलेलं नाचाचं संगीत. कोंगा, टिंबालेस, पियानो, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा भरगच्च ताफा. १९९० च्या दशकात व्हेनेझुएलात 'साल्सेरीन' नावाचा कोवळ्या मुलांचा साल्सा ऑर्केस्ट्रा प्रचंड गाजला. सर्वांदो आणि फ्लोरेंतिनो प्रिमेरा हे दोन भाऊ त्याचे लाडके गायक. ऐन भरात दोघं बाहेर पडले आणि १९९७ मध्ये स्वतःचा अल्बम घेऊन आले. 'साल्सेरीन'ने नवे गायक पुढे आणले.

पोर्तो रिकोचा 'मेनुदो' तर आणखी पुढे गेला. तो साल्सा नव्हे, पॉप ग्रुप. १९७७ मध्ये सुरू झाला. मुलगा साधारण सोळा वर्षांचा झाला की बाहेर आणि नवा आत, असा नियमच होता. रिकी मार्टिन १९८४ मध्ये बारा वर्षांचा असताना असाच आत आला.

लांब कशाला जायचं? आपल्याकडे हळदीला येणारी बेंजो पार्टी बघा. लोक पार्टीच्या नावाने सुपारी देतात. आज कॅसिओवर कोण आणि ढोलकीवर कोण, हे किती जण विचारतात?

तुमच्या धंद्यासाठी चार गोष्टी

१. नाव धंद्याचं मोठं करा. गिऱ्हाईक "त्या अमुक पोराकडे" जात असेल तर पोरगा गेला की गिऱ्हाईकही गेलं. बोर्ड, बिल, पिशवी, व्हॉट्सॲप नंबर, सगळ्यावर धंद्याचं नाव हवं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत होतो. करमणुकीच्या सेवेसाठी वर्ग ४१.

२. काम वहीत उतरवा. ऑर्केस्ट्रात प्रत्येक गाण्याची पट्टी, कोणी कुठे उचलायचं, मधला म्युझिक पीस किती, हे लिहिलेलं असेल तर नवा गायक लवकर उभा राहतो. तुमच्याकडे तसं आहे का? मसाल्याचं माप, सप्लायरचे नंबर, मशीन साफ करायची पद्धत. फक्त डोक्यात असेल तर माणसाबरोबर तेही जाणार.

३. पहिला असतानाच दुसरा तयार करा. समजा चार गायक आहेत आणि प्रत्येक जण दोन वर्षं टिकतो. म्हणजे सरासरी दर सहा महिन्यांनी एक जाणार. तयार करायला चार महिने लागत असतील तर वर्षातले आठ महिने तुमच्याकडे कोणीतरी शिकाऊ असायलाच हवा. दुकानात तीन माणसं असतील आणि प्रत्येक जण वर्षभर टिकत असेल, तर दर चार महिन्यांनी एक जाणार. मग दर वेळी धक्का का बसतो आपल्याला? हा खर्च आधीच धरा.

४. जाणाऱ्याला मानाने पाठवा. हिशोब चुकता करा, महिनाभर आधी सांगायची सवय लावा, नव्याला शिकवून जायला सांगा. भांडून गेलेला माणूस गिऱ्हाईक घेऊन जातो, हसत गेलेला माणूस गिऱ्हाईक पाठवतो.

पण एक गोष्ट नीट ऐका

खुर्ची मशीनसारखी बदलता येते, मूल नाही. 'मेनुदो'च्या काही माजी सदस्यांनी मोठेपणी, २०२२ च्या एका माहितीपट मालिकेत, तिथे झालेल्या शोषणाबद्दल उघडपणे सांगितलं. "एक गेला तर दुसरा आहेच" ही सोय मालकाच्या डोक्यात गेली की लहानांचं ऐकायला कोणी उरत नाही.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. आणि त्याच्या मनाविरुद्ध काहीही करून घेता येत नाही. डान्स ग्रुप, गाण्याचा क्लास, इव्हेंट असा धंदा करायचा विचार असेल तर हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. आईवडील आपलं लेकरू तुमच्या हातात देतात ते या भरवशावर. तो भरवसा गेला की ट्रेडमार्क काही कामाचा नाही.

आजचा गृहपाठ

शटर ओढल्यावर दहा मिनिटं काढा. एका कागदावर तुमच्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा, स्वतःचंही. प्रत्येकापुढे उत्तर लिहा: हा उद्या आला नाही तर कोणतं काम बंद पडेल? ज्याच्यापुढे सगळ्यात मोठी यादी होईल, त्याचं एक काम या आठवड्यात वहीत उतरवा आणि दुसऱ्या कोणाला तरी शिकवा.

बहुतेक जणांची सगळ्यात मोठी यादी स्वतःच्याच नावापुढे निघते. तुमची निघाली, तर सुरुवात तिथूनच करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!