हाडावरची गाठ आणि रोग्याची हकीकत

आम्ही वैद्य नव्हे. परंतु शिरूर-रांजणगाव आणि दौंड-कुरकुंभ या पट्ट्यातील कामगारांत वावरणाऱ्या माणसाला पगार-बोनसाइतकेच दुखण्या-बहाण्याचे प्रश्नही ऐकावे लागतात. त्यांतला एक प्रश्न असा : हाडावर गाठ आली, म्हणजे तो कॅन्सरच का? ज्याचे पोट हातापायांवर आहे, त्याला हा प्रश्न झोप येऊ देत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके वाचून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

कानाचा वरचा भाग बोटाने वाकवून पाहा. तो लवचिक पदार्थ म्हणजे कूर्चा. लांब हाडांच्या टोकांजवळ लहानपणी कूर्चेची एक पट्टी असते. तिच्यातून हाड वाढते आणि वय पुरे झाले की पट्टीचेही हाड बनते. या कूर्चेची वाढ कोठेतरी वाट चुकली, की गाठ होते. अशा बहुतेक गाठी सौम्य असतात, म्हणजे जागच्या जागी राहतात, शरीरभर पसरत नाहीत.

त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला ऑस्टिओकाँड्रोमा. गुडघ्याजवळ किंवा दंडाच्या वरच्या टोकाला हाडाला चिकटलेला, टणक, न हलणारा उंचवटा येतो. तो बहुधा दुखत नाही. शीर, मज्जातंतू किंवा स्नायुबंध दाबला गेला तरच ठणका किंवा मुंग्या येतात. मूल वाढते तोवर तो वाढतो आणि उंची थांबली की थांबतो. दुसरा एनकाँड्रोमा. हा हाडाच्या आत, विशेषतः हाताच्या बोटांत असतो. वर्षानुवर्षे त्याचा पत्ता नसतो. मग एखाद्या किरकोळ धक्क्याने बोट मोडते आणि एक्स-रेमध्ये तो सापडतो. तिसरा, काँड्रोब्लास्टोमा, विरळा. तो बहुधा दहा ते पंचवीस या वयात, सांध्यालगत होतो. तो सौम्य असूनही दुखतो, सांधा आखडतो आणि त्यामुळे संधिवाताचा भास होतो.

आता मुख्य मुद्दा. एक्स-रे गाठीचा आकार दाखवितो. पण ती कधी आली, केव्हा दुखू लागली, हे एका चित्रावरून कळत नाही. ते रोग्यानेच सांगावयाचे असते, आणि नेमके तेथेच आपले लोक चुकतात.

एक तर सारे खापर मारावर फोडले जाते. "पोते लागले, तेव्हापासून गाठ आहे." पुष्कळदा गाठ आधीचीच असते, मारामुळे तिच्याकडे लक्ष गेले एवढेच. कामावर मार लागला तर त्याची नोंद अवश्य करावी, हे आम्ही नेहमी सांगतो. पण मार होता तेवढाच सांगावा. हलक्या धक्क्याने हाड मोडले, ही गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने अतिशय मोलाची असते. धक्का फुगवून सांगितला की ती खूणच पुसली जाते.

दुसरे, नोकरी जाईल या भीतीने दुखणे लपविले जाते. दुखणे असले म्हणजे गाठ वाईटच, असे नव्हे. परंतु उंची वाढावयाची थांबल्यावरही गाठ वाढू लागली, विसाव्यातही किंवा रात्री ठणका लागू लागला, तर सौम्य गाठीने रूप पालटले असण्याची शंका घ्यावी लागते. एकट्या गाठीत असे क्वचितच घडते. तथापि कूर्चेचा कॅन्सर बहुधा चाळिशीनंतर दिसतो. म्हणून त्या वयाच्या कामगाराने "काम केल्याने दुखते" म्हणून महिने घालवू नयेत.

तिसरे, घरातली गोष्ट घरातच ठेवली जाते. काही कुटुंबांत अशा अनेक गाठी पिढीजात असतात. आई किंवा वडिलांना हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. या प्रकारात कॅन्सराचा धोका एकट्या गाठीपेक्षा अधिक. मुलीचे लग्न अडेल म्हणून आजोबांच्या पायावरच्या गाठी सांगावयाच्या नाहीत, ही रीत त्या मुलीच्याच मुळावर येते.

म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी एका कागदावर लिहावे : गाठ प्रथम कधी दिसली, वाढली का, किती दिवसांत, दुखते ते कामात की विसाव्यात, बधिरपणा आहे का, पूर्वी कोठे हाड मोडले होते का, किती माराने, घरात आणखी कोणाला गाठी आहेत का. जुना एक्स-रे टाकू नये. नव्याशी ताडून पाहण्यास त्यासारखा साक्षीदार नाही. गाठीवर मालिश करू नये, बिब्बा घालू नये, डाग देऊ नये.

दौंडहून आगगाडीने आणि शिरूरहून एस.टी.ने पुणे स्टेशनाजवळचे ससून रुग्णालय गाठता येते. कॅन्सराची शंका आलीच, तर परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून उभे आहे. पुष्कळ सौम्य गाठींना शस्त्रक्रिया लागत नाही. अधूनमधून तपासणी पुरते. पण हा निर्णय डॉक्टराने घ्यावयाचा, आणि तो बरोबर घेता यावा म्हणून खरी हकीकत रोग्याने द्यावयाची. वकिलापुढे अर्धी गोष्ट सांगणारा अशील खटला हरतो. येथे तर खटला स्वतःच्या हातापायांचा आहे.