शस्त्र पेलणारा हात

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक अत्याचाराने देश हादरला होता. त्यानंतर वर्षभराने आलेले हे शस्त्र खास स्त्रियांसाठी आहे, असे सांगितले गेले. ०.३२ बोअर, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन जेमतेम ५०० ग्रॅम आणि किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. ते ठेवलेले असे गडद लाल रंगाच्या, दागिन्यांच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या एका पेटीत.

चेन्नईच्या ज्या टी. नगरात मी राहतो, तेथे दागिन्यांच्या पेट्यांना तोटा नाही. उस्मान रोडवरील सोन्याच्या पेढ्यांतून त्या रोज हजारोंनी बाहेर पडतात. मात्र या गजबजलेल्या रस्त्यांच्या मागे शांत गल्ल्याही आहेत. जुन्या घरांतून आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या चारमजली इमारतींतून तेथे सत्तरी ओलांडलेली जोडपी राहतात. मुले परदेशी असतात आणि दुपारभर दार बंद असते. अशाच एका परिचित गृहस्थांनी, ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, मला मध्यंतरी विचारले, ‘तुम्ही जिल्ह्यात असताना शस्त्रपरवान्यांच्या फायली पाहिल्या आहेत. माझ्या पत्नीला सहज चालवता येईल असे कोणते पिस्तूल घ्यावे?’ त्यांच्या पत्नीला गेली अनेक वर्षे आमवात आहे. बोटांचे सांधे सुजलेले असतात, मूठ पुरती वळत नाही. इडलीच्या पिठाच्या डब्याचे झाकण काढायलाही त्यांना दोन्ही हात लावावे लागतात.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. परवाना देणारे आणि शस्त्र विकणारे अशा दोन्ही भूमिकांत आपले शासन आहे. त्यामुळे या प्रश्नाला शासनाकडे काय उत्तर आहे, हे तपासून पाहायला हवे.

वजन आणि धक्का

आधी तांत्रिक बाजू. ‘बायकांचे शस्त्र’ म्हणजे हलके शस्त्र, हा समज बाजारात फार जुना आहे. अमेरिकेच्या ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘लेडीस्मिथ’ नावाचे चिमुकले रिव्हॉल्व्हर काढले होते. ‘निर्भीक’ त्याच परंपरेतले. त्यानंतर २०१६ च्या सुमारास आयुध निर्माणी मंडळाचे ०.२२ बोअरचे ‘निडर’ आले, तेही अवघ्या २५० ग्रॅमचे.

हलके शस्त्र पिशवीत बाळगायला सोपे असते, पण झाडायला सोपे असतेच असे नाही. गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र तेवढ्याच संवेगाने मागे येते. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही जवळपास दुप्पट होते. ०.३२ चे काडतूस तसे सौम्य आहे, निरोगी मनगटाला त्याचा धक्का जाणवून विसरून जाण्याइतकाच असतो. सुजलेल्या सांध्याला तोच धक्का असह्य होऊ शकतो.

याहून मोठी अडचण चापाची आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप एका ओढीत दोन कामे करतो. तो गोळ्यांचे चक्र फिरवतो आणि मागचा घोडाही उचलतो. म्हणून ही ओढ लांब आणि जड असते, आणि ती बहुतांशी एकट्या तर्जनीला पेलावी लागते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर चाप हलका होतो. पण त्यासाठी अंगठ्यात बळ हवे. शिवाय घाबरलेल्या माणसाच्या हाती हलक्या चापाचे तयार शस्त्र असणे धोक्याचे, आणि गोळी न झाडता तो घोडा अलगद खाली आणणे दुबळ्या अंगठ्यासाठी त्याहून धोक्याचे. पिस्तूल घ्यावे, तर पहिली गोळी नळीत भरण्यासाठी वरची स्लाइड ताठ स्प्रिंगच्या विरोधात मागे खेचावी लागते. छोट्या पिस्तुलांत ही स्प्रिंग बहुधा अधिकच ताठ असते, कारण मागे येणारी स्लाइड रोखण्याचे काम तिच्यावरच सोपवलेले असते.

अमेरिकेत बाजाराने यावर तोडगे काढले आहेत. ‘बेरेटा’च्या काही छोट्या पिस्तुलांची नळी मागच्या बाजूने वर उचलली जाते, त्यामुळे स्लाइड खेचावी लागत नाही. ‘स्मिथ अँड वेसन’ने २०१८ मध्ये सहज खेचता येणाऱ्या स्लाइडची पिस्तुलेच बाजारात आणली. भारतीय नागरिकाला हा मार्ग बंद आहे. खासगी आयात १९८० च्या दशकापासून थांबलेली आहे आणि ९ मिलिमीटरचे नेहमीचे काडतूस सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित आहे. हाती उरतात ती मुख्यतः ०.३२ ची आणि काही ०.२२ ची देशी शस्त्रे. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन ६७५ ग्रॅम आहे आणि गोळ्या भरण्यासाठी त्याचे चक्र बाजूला उघडते. अधिक वजनाचे हे शस्त्र दुबळ्या हाताला ‘निर्भीक’पेक्षा कमी त्रासदायक ठरेल, असे म्हणता येते.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले की, केवळ तांत्रिक उत्तर हवे असेल तर ते असे: वजनदार रिव्हॉल्व्हर, सौम्य काडतूस आणि तळव्यात नीट बसणारी मूठ. पण शस्त्र रिकामे असताना तुमच्या पत्नीने त्याचा चाप घोडा न उचलता सलग दहा वेळा ओढून पाहावा. ते जमले नाही, तर त्या शस्त्राचा विचार सोडून द्यावा.

कायदा काय विचारतो

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये एक फारसा चर्चेत न येणारा भेद आहे. किमान २० इंच नळीची, गुळगुळीत बोअरची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर अपात्रतेचे कारण नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागितले, तर अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवले पाहिजे. लांब बंदूक लपवता येत नाही, म्हणून हा भेद समर्थनीय आहे. परंतु आमवाताने वाकलेल्या हातांना दुनळी बंदूक उचलणेही अशक्य. म्हणजे ज्यांना शारीरिक मर्यादा आहेत, त्यांना कायद्याच्या अधिक कठीण दारातूनच आत यावे लागते.

परवाना व्यक्तिगत असतो, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. पतीच्या नावावरचे शस्त्र पत्नीने घरात वापरायचे, अशी सोय कायद्यात नाही. परवानाधारकाच्या लेखी संमतीने दुसऱ्याने ते दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यावे, एवढीच मर्यादित मुभा आहे. पत्नीसाठी शस्त्र हवे असेल, तर अर्ज पत्नीचा, कारण पत्नीचे, पोलीस चौकशी पत्नीची आणि जबाबदारीही पत्नीचीच.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षण आणले आणि मानसिक व शारीरिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही मागितले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण प्रमाणपत्र देणारा डॉक्टर रक्तदाब पाहील, दृष्टी पाहील, व्यसनांबद्दल विचारील. अर्जदार जे शस्त्र घेणार आहे, त्याचा चाप ओढण्याइतके बळ त्याच्या बोटात आहे का, हे तो कशावरून ठरवणार? शस्त्राची खरेदी परवान्यानंतर होते. म्हणजे ज्या हाताने जे शस्त्र चालवायचे, त्या दोघांची गाठ सगळे शिक्के उमटल्यावरच पडते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली आणि एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. संख्येचा विचार झाला. पाच वर्षांत सांधे किती झिजतात, याचा झाला नाही.

सराव हा पुढचा प्रश्न. काडतुसांची खरेदी परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच करता येते आणि गोळीबाराची अधिकृत मैदाने थोडी आहेत. सराव नसलेल्या हातातले शस्त्र आणीबाणीच्या क्षणी किती उपयोगी पडते? टी. नगरच्याच पाँडी बाजारात मे १९८२ मध्ये वेलुपिल्लै प्रभाकरन आणि उमा महेश्वरन हे श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांचे दोन प्रतिस्पर्धी नेते समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. शस्त्रांतच मुरलेली ही माणसे. तरीही दोघेही जिवंत राहिले आणि पुढे दोघांनाही अटक झाली. जुने दुकानदार त्या गोळीबाराची आठवण आजही काढतात. मुरलेल्या हातांची ही गत, तर झोपेतून दचकून उठलेल्या वृद्धेची काय होईल? तिच्या हातातले शस्त्र हिसकावून घेतले जाण्याचा धोकाही मोजलाच पाहिजे. आणि घरात भरलेले शस्त्र असण्याची आणखी एक किंमत असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात.

मद्रासचा ठराव आणि आजचा प्रश्न

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट येथे नोंदवतो. शस्त्र बाळगण्याचा प्रश्न आपल्याकडे मुळात भीतीतून आलेला नाही, तो मानहानीतून आला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर बंधने घातली आणि युरोपीयांना सूट दिली. १८८७ मध्ये मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा तरुण बिपिनचंद्र पाल यांनी या कायद्याविरुद्ध जोरकस भाषण केले. त्या वेळी टी. नगर अस्तित्वातच नव्हते. आज जेथे पनगल पार्क आणि पेढ्यांची रांग आहे, तेथे मांबलमचे विस्तीर्ण तळे होते. ते आटवून १९२० च्या दशकात ही वसाहत आखली गेली. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत हे आयसीएसचा राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले. त्यांची दुरुस्ती स्वीकारली गेली नाही.

तो निर्णय योग्य होता, असे मला वाटते. गुलाम प्रजेला शस्त्रबंदी ही अपमानाची खूण वाटणे स्वाभाविक होते. प्रजासत्ताकात मात्र नागरिकाचे रक्षण ही शासनाची पहिली जबाबदारी ठरते. शासनाच्याच कारखान्याने नागरिकाला ‘निर्भीक’ हो असे सांगत लाखाची पेटी विकणे, हे त्या जबाबदारीतून अंग काढून घेण्यासारखे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेलाच आहे. जुन्या दंड संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. ज्यांच्या हातात बळ उरलेले नाही, त्यांच्या वतीने तो हक्क कोणी बजावायचा, हा आजचा प्रश्न आहे.

कलम २२ चे काय?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आधीच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. त्याच्या कलम २२ नुसार ज्येष्ठांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी सर्वंकष कृती आराखडा आखणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. केंद्राच्या नमुना नियमांत तर प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, अशी तरतूद आहे. त्या गृहस्थांना मी विचारले, तुमच्याकडे असा कोणी पोलीस कधी आला का? त्यांना ही तरतूदच ठाऊक नव्हती.

त्यांच्या पत्नीने मात्र आपल्या गरजा अगदी नेमक्या सांगितल्या. दाराची गोल मूठ त्यांना फिरवता येत नव्हती. तिच्या जागी कोपराने दाबता येईल असा दांडा बसवला. दार न उघडता बाहेरचा माणूस दिसावा म्हणून घंटेला कॅमेरा जोडला. पलंगाशी एक मोठे बटण लावले, ते दाबले की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे घंटा वाजते. या सगळ्याचा खर्च त्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. शस्त्राचा अर्ज त्यांनी केला नाही.

धोरणाच्या दृष्टीने तीन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, सरकारी आणि खासगी उत्पादकांनी प्रत्येक हातशस्त्राच्या चापाला लागणारे बळ, मुठीचा घेर आणि काडतुसांसह वजन माहितीपत्रकात छापणे सक्तीचे करावे. पंख्यावर वीजबचतीचे तारे छापता येतात, तर शस्त्रावर एवढे तरी असावे. दुसरी, सुरक्षा प्रशिक्षणात अर्जदाराने घेऊ घातलेल्या प्रकारचेच शस्त्र स्वतः उघडून, भरून, रिकामे करून दाखवावे आणि नूतनीकरणाच्या वेळी हीच चाचणी पुन्हा व्हावी. अपंगत्व किंवा वय हे नकाराचे कारण असू नये. ते शस्त्र त्या हातात सुरक्षित आहे की नाही, एवढेच पाहावे. तिसरी, ज्येष्ठांच्या घरी झालेल्या मासिक पोलीस भेटींची ठाणेनिहाय संख्या दरवर्षी जाहीर करावी.

तिसऱ्या गोष्टीसाठी शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. चेन्नईत असो वा पुण्यात, कोणताही नागरिक आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारू शकतो की, आमच्या भागात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी कोठे आहे आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाची शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्याचे शुल्क दहा रुपये आहे.